थाटीचा हंगाम आणि उकंडरावांचं तोंड

उकंडराव इंगोले यांनी तुम्हाला कधी चांगलं म्हटलं असेल, तर आधी घरी जाऊन मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका आणि मग पुढचं वाचा. हसू नका. मूर्तिजापूर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की या माणसाने ज्याला चांगलं म्हटलं त्याचं वाटोळं झालं.

उकंडराव कवठ्याचे. उभा जन्म शंकरपटात माइकवर गेला. बैलांच्या शर्यतीचा पट कुठेही भरो, जोडी मैदानात आली की बैलांची नावं, मालकाचं गाव, हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या बापाचा इतिहास, सगळं उकंडराव सांगणार. आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी पार शेवटच्या छकड्यावर पेंगणारा म्हातारा दचकून उठावा. एका वर्षी एका पाटलांच्या जोडीचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. "या जोडीले आज वारा बी गाठू शकत नाही होऽ!" जोडी सुटली, अर्ध्यात थांबली आणि शेजारच्या तुरीत शिरून निवांत चरायला लागली. घड्याळवाला घड्याळ धरून उभा. धुरकऱ्याने शेपट्या पिळून पाहिल्या, हात जोडून पाहिले, आणि शेवटी तोही तुरीच्या शेंगा सोलून खात बसला.

एवढ्यावर थांबतं तर लोक विसरले असते. पण पुढे त्यांनी सरपंचाच्या उमेदवाराला भला माणूस म्हटलं, तो घरची मतंही न मिळता पडला. शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी गोड म्हटलं, बोअर आटली. एका मित्राच्या जावयाचे केस काय दाट आहेत म्हणाले, आणि तो जावई दिवाळीला टोपी घालून आला. आता बोला! गावाला एवढं पुरे असतं. बैलमालक आधी घाबरले, मग शहाणे झाले. पटाच्या आदल्या दिवशी येऊन सांगायचे, "उकंडराव, आमच्या जोडीले मनापासून शिव्या द्या." मग उकंडराव माइकवर गरजायचे, "हे काय जोडी हाय? एक बैल सासरवाडीले निघाला, दुसरा तेरवीले!" मालक खूश, पब्लिक खूश, आणि जोडीही कधी कधी पहिली यायची. आली की नाव उकंडरावांच्या शिव्यांचं.

बाहेरचं ठीक होतं. पण स्वतःच्या तोंडात विष आहे हे माणसाला एकदा पटलं, की तो ते घरी घेऊन कसा जाणार? उकंडरावांनी घरात चांगलं बोलणं बंदच करून टाकलं. "भाजीची पार माती झाली" म्हणाले, की बायको माणिकबाई ओळखायची आणि ताटात आणखी एक पळी वाढायची. लग्नानंतर खूप वर्षांनी, नवससायास करून मुलगी झाली, आकांक्षा. बाया पाळण्यात डोकावून "काय गोड पोरगी हाय वं" म्हणायच्या, की उकंडराव अंगणातून ओरडायचे, "कायची गोड? माकड हाय ते!" बाकीच्या पोरांना काजळाची तीट असते, हिला बापाची जीभ होती. दहावीला पेपरात नाव आलं तेव्हा म्हणाले, "छापणाऱ्याची चुकी असंन." धावण्यात जिल्ह्याचं बक्षीस आणलं तेव्हा म्हणाले, "बाकीच्या लंगड्या असतीन." आकांक्षाला त्यातली माया कळायची. घरात तीच भाषा होती. पण डोक्याला कळणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं.

ही पोरगी शारीरिक शिक्षण शिकायला अमरावतीला गेली आणि येताना एक प्लास्टिकची तबकडी घेऊन आली. गावाने तिला लगेच थाटी म्हणायला सुरुवात केली. खेळाचं खरं नाव अल्टिमेट फ्रिसबी. एवढं लांब नाव घ्यायला कवठ्यात कोणाला वेळ आहे? आकांक्षा अकोल्याच्या शाळेत खेळाची मास्तरीण झाली, तिथल्या काळी माती क्लबची कॅप्टनही झाली, आणि एका सकाळी तिने बापाला खेळ समजावून सांगितला.

"सात जण इकडं, सात तिकडं. पोट्टे-पोट्ट्या संगंच. थाटी हातात आली का पळाचं नाही, जागेवरून फेकाची. समोरचा दहा आकडे मोजते, त्याच्या आत फेकाची. पल्ल्याडच्या पट्ट्यात आपल्याच माणसानं झेलली का गोल."

"अन् पंच?"

"पंच नसते बाबा."

"मंग फाऊल कोन देते?"

"ज्याचं चुकलं तो सोता सांगते."

उकंडरावांना हसून हसून उचकी लागली. माणिकबाईने पाणी आणून दिलं. "अवं, इथं बांध कोरल्याचं आजवर कोनं सोता सांगितलं का? पंच नाही म्हंजे मंग जो जास्त खोटा तो जितला!"

"तसं नसते ना जी. अन् मॅच झाल्यावर दोन्ही टीमा गोल करून, खांद्यावर हात टाकून उभ्या राहतात, अन् एकमेकाईचं चांगलं बोलतात."

आता मात्र उकंडरावांचं हसू मावळलं. "सगळे? एकाच टायमाले? चांगलं?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पोरी, हा खेळ बंद पडते, माया शब्द हाय."

खेळ बंद पडला नव्हता, पण घरघर लागली होती हे खरं. अमरावती, अकोला, चांदूर रेल्वे, शेंदूरजनाघाट आणि धारणी अशा पाच क्लबांचा मिळून दरसाल हंगाम व्हायचा. मागच्या अंतिम सामन्याला प्रेक्षक म्हणजे दोन बकऱ्या आणि एक कुल्फीवाला. त्यातला कुल्फीवाला मध्येच उठून गेला. हंगामाचा सेक्रेटरी धम्मदीप वानखडे हा अमरावतीचा बँकेतला तरुण, सरळ माणूस. त्याने ठरवलं की यंदा हंगाम उघडायच्या दिवशी पाचही टीमांची ओळख दणक्यात झाली पाहिजे. कोण दावेदार, कोणाचं बळ कशात, कोण कुठे कच्चं. आणि दणका म्हटलं की वऱ्हाडात एकच माणूस. धम्मदीप मोटरसायकलवर कवठ्याला आला.

उकंडरावांनी त्याला आधीच सांगितलं. "बापू, मी ज्याले चांगला म्हणतो तो बुडते. मंग मले म्हणू नको."

"काका, हे थोतांड हाय. असं काही नसते."

"हंगाम झाल्यावर सांगजो," उकंडराव म्हणाले.

बातमी फुटली. काय सांगू, पुढचे आठ-दहा दिवस कवठ्यात कॅप्टन लोकांची रीघ लागली! शेंदूरजनाघाटचा अमोल बोंडे आला तो जीपमध्ये संत्र्यांच्या पेट्या घालून. "काका, संत्री घ्या अन् आमाले शिव्या द्या."

"कशा पाह्यजेत?"

"चांगल्या खानदानी द्या. आईबापाले तेवढं सोडा, बाकी तुमच्या मनानं."

उकंडरावांनी एक संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा, काय गो..." अमोलने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. "काका! बगीचा हाय आमचा! पुरा आंबिया बहार झाडावर हाय!"

चांदूर रेल्वेचा गोपाल आला आणि म्हणाला, शेंदूरजन्याला देता त्याच्यापेक्षा एक तरी शिवी आम्हाला जास्त पाहिजे, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. अमरावतीच्या टीमचे कॅप्टन म्हणजे एक प्राध्यापक. ते अंधश्रद्धेवर भाषणं देतात, म्हणून हेल्मेट न काढताच ओसरीत बसले आणि काचेतून म्हणाले, "माझा विश्वास नाही. पण आमच्या टीममधल्या मुलांच्या भावना आहेत. तरी आमची निंदा जरा अभ्यासपूर्ण व्हावी." खुद्द आकांक्षाच्या टीममधला नितेश फोनवर म्हणाला, "काका, आपली घरची टीम हाय. खास ठेवणीतल्या शिव्या राखून ठेवा बरं." आले नाहीत ते फक्त धारणीवाले. त्यांचा मेळघाटातला रस्ता तुम्हाला माहीत आहे. ते निघाले होते म्हणे.

शनिवारी आकांक्षा अकोल्याहून बसने घरी आली. हातपाय धुऊन बापासमोर बसली आणि पेटीतलं एक संत्रं घेऊन सोलायला लागली. सोलून झालं तरी खाईना.

"बाबा, उद्या माइक तुमच्या हाती हाय. पाची टीमाईबद्दल बोलणार ना तुमी?"

"हाव. तुयासाठी त अशा शिव्या काढल्या हायेत का..."

"मले शिव्या नको." तिने मान वर केली. "मले एक डाव चांगलं म्हणा. सगळ्याईसमोर. मायं नाव घेऊन."

उकंडरावांनी संत्र्यांची पेटी बाजूला सारली. मग म्हणाले, "येडी झाली का वं? तुया कप जाईन."

"जाऊ द्या."

"तुई टीम मले पायताणानं मारीन."

"टीमले मी पाहून घेईन. बाबा, मले समजते तुमी काहून बोलत नाही ते. लहानपणापासून समजते. पण मी सव्वीस वर्साची झाली, अन् माया बापानं मले चांगली म्हटलेलं मी ऐकलं नाही. कप काय, पुढच्या साली बी येईन. तुमी पुढच्या साली थोडीच बोलणार हाय?"

ती रडली नाही. ती रडणाऱ्यातली नाहीच. पण आवाज हलला, आणि उकंडराव आवाजातलं माणूस, त्यांना तो बरोबर ऐकू आला. स्वयंपाकघरातून माणिकबाई म्हणाली, "बोला ना जी एक डाव! माया भाजीले बी कधी बोलले नाही, म्या सहन केलं. लेकराले तरी बोला!"

आता उकंडरावांची गोची बघा. कप आकांक्षाला हवा होता, पण बापाला तो तिच्यापेक्षा जास्त हवा होता. ही पोरगी शाळा सुटल्यावर उन्हात एकटी थाटी फेकायची, एकटीच पळत जाऊन उचलून आणायची, हे त्यांनी अकोल्याला गेल्यावर झाडाआडून पाहिलं होतं. तेव्हा तोंडून चांगलं निघून जाईल या भीतीने ते न भेटताच परत आले होते. चांगलं बोलावं तर तिचा कप जातो. न बोलावं तर पोरगी जाते.

गोठ्यात बैलांना कुटार टाकता टाकता त्यांनी विचार सुरू केला. हिच्या पळण्याला चांगलं म्हटलं तर पाय मुरगळणार. फेकीला म्हटलं तर हात जाणार. केसांचं तर नावच नको, जावई डोळ्यांसमोर होता. म्हणजे असं काहीतरी चांगलं शोधलं पाहिजे, जे खेळात काही कामाचंच नाही. ते बिघडलं तर बिघडलं! आणि एकदम त्यांना शेजारच्या दुर्गाबाईच्या कुरड्या आठवल्या. ते कुटाराची पाटी तशीच टाकून उठले. सापडलं! उकंडरावांना आपल्याच अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की ते बोलून दाखवायचा मोह त्यांनी जीभ चावून आवरला. न जाणो, अक्कलही जायची.

रविवारी सकाळी अकोल्याच्या मैदानावर ही गर्दी! थाटीचा खेळ कोणाला पाहायचा होता? पण उकंडराव शिव्या देणार म्हटल्यावर तीन तालुक्यांतले बैलमालक पान खाऊन हजर. कुल्फीवाला यंदा भावालाही घेऊन आलेला. उकंडरावांनी डोक्याला शेला बांधला, माइकला फुंकर मारली आणि सुरू केलं.

"ऐका होऽऽ! पयली टीम, शेंदूरजनाघाट! यायले नीट पाहून घ्या, पुन्हा दिसतीन का नाही सांगता येत नाही. झाडावरून पडतं संत्रं यायले झेलता येत नाही, हे थाटी झेलणार! कॅप्टन अमोल असा पळते, का मांग बी कोनी नाही अन् पुढं बी कोनी नाही, सगळे जेवाले गेले!" अमोलच्या टीमने एकमेकांना मिठ्या मारल्या. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुसरी, चांदूर रेल्वे! नावात रेल्वे अन् पायात बैलाची रेंगी! यायच्या गावात गाडी थांबते थोडी, पण हे जे थांबतात ते थांबतातच. समोरच्यानं गोल केला का मंग विचारतात, सुरू झाली का बे?" गोपालने शिट्ट्या वाजवल्या आणि शेंदूरजन्याकडे पाहून बोट दाखवलं, की बघा, आमच्या जास्त आहेत.

"तिसरी, अमरावती! सगळे शिकलेले! थाटी हातात आली का पयले मिटिंग घेतात. फेकाची का नाही फेकाची, फेकाची त कोन्या दिशेनं, अन् त्याचा समाजावर काय परिणाम. तवर समोरच्याचे दहा आकडे मोजून होतात!" प्राध्यापकांनी हेल्मेट काढलं आणि दोन्ही हात जोडले.

"चौथी, धारणी! धारणीची जीप अजून आली नाही." आणि ते पुढे निघाले.

धम्मदीप कानाशी लागला. "काका, काही तरी बोला ना त्यायच्यावर."

"जो माणूस पाह्यला नाही त्याले काय शिव्या द्याच्या? आपला बी काही धरम हाय," उकंडराव म्हणाले, तेही माइकवरच.

राहिला अकोला. नितेशने खालून अंगठा दाखवला. आकांक्षा टीमच्या पुढे उभी होती आणि बापाकडे टक लावून पाहत होती. उकंडरावांनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माइकवर शांतता पसरली. भोंग्याची नुसती खरखर. लोकांना वाटलं वायर निघाली.

"पाचवी, अकोला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कॅप्टन आकांक्षा उकंडराव इंगोले. गाव कवठा. आई माणिकबाई. माई पोरगी हाय. ऐका. हे लहान होती तवा आमच्या बकरीनं दुर्गाबाईच्या वाळत घातलेल्या कुरड्या खाल्ल्या. पुरं खाटलं साफ. आमी घरात ठरवलं, कोनी काही बोलाचं नाही, कुत्र्यानं खाल्ल्या म्हणाचं. हे सहा वर्साची पोट्टी. चालत गेली दुर्गाबाईच्या घरी अन् म्हणे, मावशी, आमच्याच बकरीनं खाल्ल्या, म्या पाह्यलं. दुर्गाबाई पुरा उन्हाळा आमच्या दारात उभी राहून बोलली. तवापासून मले मालूम हाय. माई पोरगी खोटं बोलत नाही. तुमी तिले सोन्यानं मढवा, ते खोटं बोलणार नाही. चांगली हाय. लय चांगली हाय माई पोरगी."

मैदानावर "अरे बाप्पा!" असा एकच आवाज निघाला. नितेश मटकन खाली बसला. टीममधल्या एकाने भज्याच्या गाडीवरून मीठ पळवून आणलं आणि कॅप्टनवरून उतरवायला सुरुवात केली. दुसरा लिंबू शोधत पळाला. आकांक्षाला यातलं काही दिसत नव्हतं. तिने खाली वाकून मोजे वर ओढले. मोजे वरच होते. तिने ते पुन्हा ओढले, आणि खूप वेळ वाकूनच राहिली.

आणि हंगाम सुरू झाला. अकोला पहिल्याच दिवशी हरणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. अकोला जिंकला. पुढच्या रविवारी पुन्हा जिंकला. उकंडराव कवठ्यात मिशीला पीळ देत फिरायला लागले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आमी तोड काढली हाय," आणि सांगायचे मात्र नाहीत.

ज्यांनी शिव्या मागून घेतल्या होत्या त्यांचे हाल कुत्रं खाईना. शेंदूरजनाघाट सगळीकडे हरलं. अमोल फोनवर भांडायला लागला, की काका, शिव्या कमी पडल्या, संत्री वापस द्या. उकंडराव म्हणाले, संत्री खाल्ली, आणि आंबट ढाण होती. तेवढ्यावर तो खूश झाला, यंदा बगीचा भरून येणार म्हणाला. चांदूर रेल्वे आणि अमरावती यांच्यात एका धक्क्यावरून वाद झाला. पंच नाही, म्हणून दोघांनी बसून बोलायचं. ते जे बोलायला बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत बोलले, मग दोन्ही टीमा मिळून पिठलं-भाकर जेवल्या, परत आल्या तर वाद कशावरून होता हेच कोणाला आठवेना. सामना बरोबरीत सुटला. धारणीचा कॅप्टन किशोर बेठेकर मात्र दरवेळी सगळ्यात शेवटी जीपमधून उतरायचा, अंगावरची धूळ झटकायचा, खेळायचा, जिंकायचा आणि जीप निघायच्या घाईने परत जायचा. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

अंतिम सामना अमरावतीत, अकोला आणि धारणी यांच्यात. आता अकोल्याच्या पोरांनाही वाटायला लागलं होतं, की म्हाताऱ्याच्या तोंडातलं विष उतरलं. सामना असा रंगला, की शेवटी गुण सारखे झाले. पुढचा गोल ज्याचा, कप त्याचा. इथेही माइक उकंडरावांकडेच होता, आणि तो धरून ते खुर्चीवर चढले होते. माणिकबाई पदराचं टोक चावत बसली होती.

नितेशने लांबवर थाटी सोडली. वाऱ्याने ती कोपऱ्याकडे ओढली. आकांक्षा पळाली. मी सांगतो, बैल काय पळतील अशी पळाली. कोपऱ्यात झेपावली, थाटी धरली आणि धुळीत लोळत गेली. धुरळा बसला तर थाटी तिच्या हातात!

मैदान उठलं. उकंडरावांनी कुल्फीवाल्याला मिठी मारली, तो यंदा शेवटपर्यंत थांबला होता. नितेश शर्ट काढून नाचायला लागला. धारणीच्या पोरांनी हात मिळवायला हात पुढे केले. किशोर बेठेकर लांब होता, धुळीत त्याला काही दिसलं नव्हतं. त्याने जवळ येऊन साधं विचारलं, "ताई, आतच होता ना पाय?"

आकांक्षाने खाली पाहिलं. बुटाच्या टोकाला पांढरी फक्की लागली होती. रेषेची फक्की. रेषेला पाय लागला म्हणजे बाहेर. ती कोणालाच दिसली नव्हती. दुसरा पाय त्यावर घासला असता तर काम झालं असतं.

उकंडरावांना एवढ्या लांबून फक्की कुठली दिसायला? पण त्यांनी पोरीला खाली पाहताना पाहिलं. आपण काय कामाचं नाही म्हणून निवडलं, आणि ते कुठे येऊन उभं राहिलं, हे त्या माणसाला सगळ्या मैदानाच्या आधी समजलं. "अरे बाप्पा," ते म्हणाले. माइक हातातच होता. "कुरड्या!"

आकांक्षाने हात वर केला. "बाहेर हाय. माया पाय रेषेवर होता."

नितेश शर्ट हातात धरून तसाच उभा राहिला. थाटी धारणीकडे गेली. त्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे करत ती शांतपणे पलीकडच्या पट्ट्यात नेली आणि किशोरने झेलली. कप धारणीला गेला. ज्यांना कोणी चांगलंही म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं, त्यांनी तो जीपच्या टपावर बांधला.

पण आधी ते गोल झाले. दोन्ही टीमा मिसळून, खांद्यांवर हात टाकून, आणि एकेक जण आकांक्षाबद्दल चांगलं बोलायला लागला. किशोर बोलला. त्याच्या पोरी बोलल्या. नितेशही नाक पुसत काहीतरी बोलला. उकंडराव कानांवर हात ठेवून पायरीवर बसले होते. "बस करा बे," ते पुटपुटत होते, "मारता का आता तिले?"

धम्मदीप समोरून गेला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. उकंडरावांनी नुसतं पाहिलं, आणि तो खुर्च्या गोळा करायला निघून गेला.

मग आकांक्षा आली. गुडघे सोलवटलेले, केसांत माती. बापाशेजारी पायरीवर बसली.

"खाल्ला ना मी तुया कप," उकंडराव म्हणाले. त्यांना तिच्याकडे पाहवत नव्हतं. "लय इचार करून बोललो होतो वं. खेळात जे कवडीच्या कामाचं नाही तेच धुंडलं होतं. मायं तोंडच कायं हाय. पुन्हा नाही बोलणार मी, कधीच नाही."

ती बुटाच्या नाड्या सोडत होती. एक बूट काढला, उलटा करून त्यातली माती झटकली. मग म्हणाली, "बाबा."

"काय?"

"तुमच्यासारखं बेकार बोलणारा माणूस मी पाह्यला नाही. पुऱ्या वऱ्हाडात नाही. काय भंगार बोलले तुमी त्या दिवशी! कवठ्यापासून धारणीपर्यंत असा रद्दी बाप कोनाले नसंन."

आयुष्यभर लोकांनी उकंडरावांकडून शिव्या मागून नेल्या. त्यांना स्वतःला कोणी एक दिली नव्हती. म्हाताऱ्याने शेल्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. समोर धारणीची जीप सुरू होत नव्हती, म्हणून अकोल्याची पोरं तिला धक्का मारत होती.

"खेळली बी भंगारच," ते शेवटी म्हणाले.

"मालूम हाय," आकांक्षा म्हणाली, आणि त्यांच्याच शेल्याने तिने गुडघ्यावरचं रक्त पुसलं.